फोटो सुधारण्याचे साधन : आधी काम, मग हत्यार

धानोरा किंवा एटापल्लीकडे बांबूचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगणात कधी बसून पाहिले आहे का? बांबू तोडायला त्याचे हत्यार वेगळे, फोडायला वेगळे आणि टोपलीसाठी पातळ पट्ट्या काढायला आणखी वेगळे. जगात सर्वांत चांगले हत्यार कोणते, असे तो कुणाला विचारत नाही. आज सूप करायचे आहे की तट्टा, एवढेच तो पाहतो आणि त्याप्रमाणे हात घालतो.

फोटोच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. हातात मोबाईल आला, शाळेत संगणक आला, की पहिला प्रश्न ठरलेला : “गुरुजी, फोटो सुधाराले कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?” ह्याचे उत्तर एका नावात देता येत नाही. तुम्ही फोटो कशासाठी काढता, काढल्यावर त्याचे काय करता आणि शेवटी तो कोणाच्या हाती जातो, हे समजल्यावरच उत्तर देता येईल.

आपल्याच भागातली तीन माणसे डोळ्यांपुढे आणा. पहिला शेतकरी. रात्रीतून रानडुकरांनी त्याचे उभे धान लोळवले आणि पंचनाम्यापूर्वी त्याला बांधावरचे फोटो काढून ठेवायचे आहेत. दुसऱ्या आश्रमशाळेतल्या बाई. सहलीचे, गॅदरिंगचे, मुलांच्या चित्रांचे शेकडो फोटो त्यांच्याजवळ साचले आहेत आणि त्यातले वीस निवडून भित्तिपत्रक करायचे आहे. तिसरी गावची ग्रामसभा. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर अनेक गावांनी ती वाट धरली. अशा गावाला आपल्या जंगलाच्या हद्दी, रोपवन, तोडलेला व राखलेला बांबू ह्यांची वर्षानुवर्षे चित्ररूप नोंद ठेवायची असते. तिघांच्याही हाती फोटोच आहेत. पण शेतकऱ्याला पुरावा हवा, बाईंना सुबकपणा हवा आणि ग्रामसभेला दहा वर्षांनी नेमका फोटो सापडायला हवा. तिघांना एकच साधन कसे बेतेल?

म्हणून आधी एक कागद घ्या आणि आपल्या कामाचा क्रम लिहून काढा. महिन्याला फोटो किती येतात? ते मोबाईलचे की मोठ्या कॅमेऱ्याचे? एकेक सुधारायचा आहे की शंभर एकदम? काम मोबाईलवर होणार की संगणकावर? इंटरनेट रोज मिळते का? तयार फोटो छापायचा, कचेरीत द्यायचा की जपून ठेवायचा? ह्या सहा प्रश्नांची उत्तरे लिहिलीत की अर्धी निवड तिथेच झाली.

आता फोटोच्या आत काय असते ते थोडे समजून घेऊ. मोबाईल साधारणपणे जेपेग नावाच्या प्रकारात किंवा तसल्याच एखाद्या आटोपशीर प्रकारात फोटो साठवतो. जागा वाचावी म्हणून तो बारीकसारीक तपशील गाळतो. असा फोटो उघडून, बदलून पुन्हा साठवला की पुन्हा थोडे गळते. दहा वेळा असे केले तर धानाची लोंबी आणि गवत ह्यांतला फरक पुसट होऊ लागतो. मोठे कॅमेरे, आणि आता काही मोबाईलही, ‘रॉ’ प्रकारात फोटो देतात. त्यात भिंगातून आलेला प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा नोंदलेला असतो. साग-ऐनाच्या दाट सावलीत काढलेला काळवंडलेला चेहरा रॉ फोटोतून पुष्कळ उजळता येतो. मात्र त्या फाईली बऱ्याच मोठ्या असतात आणि त्यांना वेगळे सॉफ्टवेअर लागते.

सॉफ्टवेअरचेही ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ते समजायला सातबाऱ्याचे उदाहरण घेऊ. जमिनीच्या नोंदीत बदल झाला म्हणून जुना कागद कोणी खरडत नाही. फेरफाराची नोंद वेगळी होते, म्हणून मागचे सारे वाचता येते. लाइटरूम, डार्कटेबल ही साधने अशाच रीतीने चालतात. मूळ फोटोला ती हात लावत नाहीत. ‘एवढा उजेड वाढवा, एवढी कड कापा’ अशा सूचना ती वेगळ्या लिहून ठेवतात आणि शेवटी त्यावरून नवी प्रत काढून देतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष ठिपक्यांवर काम चालते, म्हणजे थर चढवणे, अक्षरे लिहिणे, दोन चित्रे जोडणे. फोटोशॉप आणि गिम्प ही इथली ठळक नावे. अलीकडे हा भेद पुसट होत आहे. २०२५ मध्ये आलेल्या गिम्पच्या तिसऱ्या आवृत्तीतही पुष्कळसे परिणाम मूळ थर न बिघडवता लावता येतात. तरीपण शंभर फोटो निवडून सारखे करायचे असतील तर पहिला प्रकार, आणि एकच भित्तिपत्रक सजवायचे असेल तर दुसरा, हा ठोकताळा उपयोगी पडतो.

आता पैशाचा विचार. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि लाइटरूम २००७ मध्ये. दोन्ही कसदार आहेत, छापखाने व स्टुडिओ त्यांवरच वाढले. पण आज ती एकदाच विकत घेऊन ठेवता येत नाहीत, भाडे भरत राहावे लागते. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला ते परवडेल. वर्षातून दोनदा गॅदरिंगचे फोटो लावणाऱ्या शाळेने हा बोजा का घ्यावा? गिम्प हे १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले, आता जगभरचे लोक मिळून सांभाळतात ते सॉफ्टवेअर फुकट आहे. डार्कटेबलही फुकट आहे, पण जुन्या, कमी ताकदीच्या संगणकाला ते जड जाते. संगणक जुना असेल तर इरफानव्ह्यू पाहा. १९९६ पासून चालत आलेले हे हलके साधन विंडोजवर चालते, शाळांना फुकट आहे, आणि शेकडो फोटोंची नावे बदलणे, आकार लहान करणे ही कामे एका दमात करते. वर्षानुवर्षांचा साठा विषयवार लावायचा असेल तर डिजिकॅम हे फुकट साधन ग्रामसभेच्या उपयोगाचे. मोबाईलवरच सगळे उरकायचे असेल तर स्नॅपसीड पुरेसे होते.

फुकट म्हणजे कमअस्सल, असे समजू नका. आणि नावाजलेले म्हणजे कायमचे, असेही समजू नका. पिकासा नावाचे साधन एके काळी घरोघरी होते, २०१६ मध्ये ते मालकांनीच बंद केले. म्हणून फोटोंचा साठा एखाद्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोंडू नये. साध्या फोल्डरमध्ये, वर्ष-महिना-गाव अशा नावांनी ठेवावा. उद्या साधन बदलले तरी फोटो तुमच्या हाती राहतील.

इंटरनेटचा प्रश्न आपल्याकडे विशेष. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद पडल्याचे प्रसंग कितीतरी झाले. वीज आणि रेंज ह्यांची गतही अशा दिवसांत सांगायला नको. ज्या साधनाचे काम जाळ्यावाचून अडते ते तिथे काय कामाचे? तेव्हा जाळ्याविना पूर्ण चालणारे साधन घ्या आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवा. मोबाईलचा जीपीएस मात्र उपग्रहांवरून चालतो. रेंज नसली तरी तो ठिकाण नोंदवू शकतो. दाट झाडीखाली थोडा चुकतो, इतकेच.

ही ठिकाणाची आणि तारखेची नोंद फोटोच्या फाईलमध्येच दडलेली असते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला की तो आकसतो आणि ही नोंद गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाईल जशीच्या तशी जाते. शेतकरीदादा, पंचनाम्यासाठी काढलेल्या फोटोला तर हातच लावू नका. उजेड कमी वाटला तरी मूळ फाईल राखा आणि सुधारायचीच तर प्रतीवर सुधारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात फाईलचा ‘हॅश’ नोंदण्याची तरतूद आहे. हॅश म्हणजे जणू फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. चांगल्या हेतूने केलेली सफाईसुद्धा उद्या संशयाला जागा देऊ शकते. तेव्हा पुराव्याच्या कामी उत्तम साधन कोणते? जे मूळ फोटो उघडून दाखवते आणि बदलत नाही ते.

सध्या मोबाईलमध्ये एक नवी सोय आली आहे. बोट फिरवले की नको असलेली वस्तू नाहीशी होते आणि पुसट चित्र ठसठशीत होते. इथे सावध राहा. यंत्र जे पाहू शकले नाही ते अंदाजाने भरून काढते. वाढदिवसाच्या फोटोत हे खपेल. पण ताडोबाच्या वाघाचे काय? एकेक वाघ ओळखला जातो तो अंगावरच्या पट्ट्यांवरून. यंत्राने पट्टा ‘रचला’ तर एका वाघाचे दोन वाघ व्हायचे! २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी वन्यजीवांचे ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो टिपले, त्यांत वाघाचे ७६,६५१. तिथे फोटो सुंदर करण्याचे काम नव्हते, निवडण्याचे होते. प्राणी कोणता हे वेगळे काढायला एक सॉफ्टवेअर वापरले आणि पट्टे ताडून पाहायला दुसरे. एवढ्या मोठ्या कामातही आधी क्रम ठरला आणि मग त्या-त्या पायरीचे साधन.

आणि एक उलटी गोष्ट. पंचनाम्यात ठिकाणाची नोंद हवी, पण वाघिणीचा, पिलांचा किंवा एखाद्या दुर्मीळ वनस्पतीचा फोटो सर्वांना दाखवताना तीच नोंद काढून टाकली पाहिजे. नाहीतर शिकाऱ्याला वाट आपणच दाखवू. मुलांच्या फोटोंनाही हाच नियम. गिम्प आणि डार्कटेबलमध्ये प्रत काढताना ही नोंद ठेवायची की गाळायची हे आपण ठरवू शकतो. साधन निवडताना हे अवश्य पाहा.

आता शेवटचे. कोणाच्या सांगण्यावरून, ह्या लेखावरूनसुद्धा, पैसे टाकू नका. आपलेच वीस फोटो घ्या. दोन साधनांत तेच काम करून पाहा : निवडा, सरळ करा, उजळा, नाव द्या, प्रत काढा. वेळ कुठे कमी लागला, अडलात कुठे आणि मूळ फोटो शाबूत राहिला का, हे लिहून ठेवा. गुरुजींनी हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. बटणे तर त्यांना शिकायला मिळतीलच, शिवाय चित्र सुधारणे आणि चित्र बदलणे ह्यांतला फरकही कळेल. तो एकदा कळला की उद्या सॉफ्टवेअरची नावे बदलली तरी मुले फसणार नाहीत.