भाड्याचे कुंपण

शहरात राहणारा माणूस दिवसातून एकदा तरी तात्पुरत्या कुंपणाच्या कडेने चालतो. कधी ते मेट्रोच्या कामाभोवतीचे पत्रे असतात, कधी जलवाहिनीच्या चरापुढे मांडलेले लोखंडी कठडे, तर कधी विसर्जन मार्गाच्या दुतर्फा बांधलेले बांबू. रस्ता अरुंद झाला म्हणून आपण त्यांच्यावर चरफडतो आणि पुढे जातो. ते कोणाच्या मालकीचे आहे, किती दिवसांसाठी आणले आहे आणि मुख्य म्हणजे ते कशाच्या जोरावर उभे आहे, हे प्रश्न आपल्याला पडतात ते आडवे झाल्यानंतर.

या कुंपणाचा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. पूर्वी हे काम मंडपवाल्याकडेच असे. मांडवाबरोबर तोच बल्ल्या, बांबू आणि काथ्या घेऊन येई, त्याची माणसे अंदाजाने खड्डे खणून बांबू रोवत आणि कार्यक्रम आटोपला की सारे सोडून घेऊन जात. त्या कामात अनुभवाचे शहाणपण होते, हे मान्य केलेच पाहिजे. ओला काथ्या सुकल्यावर गाठ कशी आवळते हे त्या कारागिरांना कोणी शिकवावे लागत नसे. मात्र इमारतींची कामे वर्षानुवर्षे चालू लागली, मोकळ्या मैदानांवर तिकीट लावून संगीताचे कार्यक्रम होऊ लागले, आणि बांबूच्या जोडीला लोखंडी जाळीची पॅनेल, एकमेकांत अडकणारे कठडे, पाणी भरून जड करायचे प्लास्टिकचे अडथळे आले. हे सामान विकत घेऊन वर्षभर ठेवायला ना मंडळाकडे जागा असते, ना छोट्या बांधकाम व्यावसायिकाकडे. म्हणून शहराच्या वेशीवर, जिथे जागा स्वस्त मिळते तिथे, पॅनेलांच्या थप्प्या रचून ती भाड्याने देणाऱ्या स्थानिक कंपन्या उभ्या राहिल्या.

त्यांचा हिशेब वरवर सोपा असतो. किती रनिंग मीटर कुंपण, किती दिवस, वाहतूक कोणाची, उभारणी आणि उतरवणी कोणाची, अनामत किती, आणि परत येताना जे हरवले वा वाकले त्याची भरपाई किती. बांधकामाच्या जागी तेच पॅनेल महिनोन्महिने उभे राहते, त्यामुळे रोजचे भाडे कमी पडते. समारंभात ते एका रात्रीत उभे करून दुसऱ्या रात्री काढायचे असते. तिथे भाड्यापेक्षा टेम्पो आणि मजुरीच अधिक होते. शिवाय गणेशोत्सव, निवडणुकीच्या सभा आणि लग्नसराई यांच्या काळात मागणी एकदम चढते. त्या दिवसांत गोदामात उरलेला माल जातो, लागणारा माल जातोच असे नाही. कोटेशनच्या कागदावर लांबी असते, दिवस असतात, दर असतो. या कुंपणाने रोखायचे काय, हा रकाना बहुधा नसतो. नेमकी तिथेच या व्यवसायातील खरी जोखीम दडलेली आहे. नजर रोखणारे कुंपण, पाय रोखणारे कुंपण आणि गर्दी रोखणारे कुंपण या तीन भिन्न वस्तू आहेत. एकीच्या जागी दुसरी उभी केली, तर ती दिसायला कुंपणच दिसते, हीच पंचाईत.

नजर आणि धूळ रोखणाऱ्या कुंपणाचा शत्रू वारा. नुसती जाळी असेल तर वारा तिच्यातून बराचसा आरपार जातो. पण त्याच जाळीवर हिरवे कापड वा जाहिरातीचा फ्लेक्स ताणून बांधला की कुंपणाचे शीड होते. आपल्या मानकांतील सूत्रानुसार वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ढोबळमानाने २४ किलो वजनाइतका भरतो. साडेतीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच असे एक झाकलेले पॅनेल धरले, तर त्यावर सुमारे १७० किलोचा आडवा रेटा येतो. त्या पॅनेलच्या पायाशी मात्र एका मजुराला उचलता येईल एवढाच सिमेंटचा ठोकळा असतो. मागून तिरपा टेकू आणि त्यावर पुरेसे वजन नसेल, तर वळवाचा पहिला वारा ते आडवे करणार, यात नवल नाही. कापड भाड्याने देणारा एक आणि पॅनेल देणारा दुसरा असेल, तर हा हिशेब करण्याची जबाबदारी आपली आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही.

उंची वाढली की प्रकरण आणखी गंभीर होते. मुंबईतील हवा बिघडल्यानंतर २५ ऑक्टोबर २०२३ रोजी महापालिकेने धूळ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक एकराहून मोठ्या बांधकामांभोवती किमान ३५ फूट आणि त्याहून लहान जागांभोवती किमान २५ फूट उंचीचे पत्रे उभारावेत, असे त्यांत म्हटले होते. हेतू रास्तच होता. परंतु ३५ फूट म्हणजे जवळपास साडेतीन मजले. कुंपण उलथवणारा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सहा फुटी पत्र्याच्या तुलनेत ३५ फुटी पत्र्याच्या बुडाशी येणारा जोर सुमारे ३४ पट होतो, आणि उंचावर वारा अधिक वेगाने वाहतो ते वेगळेच. याला कुंपण म्हणणे ही भाषेची सवय झाली. वस्तुतः ती पायाची, सांगाड्याची आणि अभियंत्याच्या सहीची गरज असलेली इमारत आहे. भारतीय मानकांत वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. तात्पुरत्या बांधकामाला त्यात सुमारे चतुर्थांश सूट मिळते. ती सूट घेऊनही मुंबईत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा गृहीत धरावा लागतो. ‘चार महिन्यांचेच तर काम आहे’ हे वाक्य वाऱ्याला कळत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरमध्ये वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले. तो फलक होता, कुंपण नव्हते. पण वाऱ्यासमोर उभा केलेला सपाट पत्रा हा दोन्हींतला समान धागा आहे.

दुसरे कुंपण पायांसाठी. यात ताकदीपेक्षा सलगता महत्त्वाची असते. खड्ड्याच्या तीन बाजूंना कठडे आणि चौथ्या बाजूला मातीचा ढिगारा, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही चुकले आहे असे वाटेनासे झाले आहे. लाल-पांढऱ्या फितीची गोष्ट त्याहून निराळी. फीत ही सूचना आहे, अडथळा नव्हे. उजेडात डोळस माणसाला ती पुरते. दिवे गेल्यावर, पावसात, किंवा पांढरी काठी टेकत चालणाऱ्या अंध व्यक्तीला तिचा काडीचाही उपयोग नाही. त्या व्यक्तीसाठी कठड्याला जमिनीलगत एक आडवी पट्टी लागते, म्हणजे काठी तिला आधी अडते. जाळीच्या पॅनेलचे ठोकळे पदपथावर पुढे आलेले असतील, तर तेच ठेच लागण्याचे कारण होतात. रस्त्यावरील कामाच्या जागी वाहतूक कशी हाताळावी यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका २००१ पासून आहे आणि २०१४ मध्ये ती सुधारून काढण्यात आली. कमतरता नियमांची नाही.

अडथळा नसण्याची किंमत काय असते, हे देशाने जुलै २००६ मध्ये दूरचित्रवाणीवर पाहिले. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक लहान मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला आणि लष्कराच्या मदतीने सुमारे पन्नास तासांनी सुखरूप बाहेर आला. तो वाचला. त्याच्यानंतर पडलेली कितीतरी मुले वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कूपनलिकांबाबत जे निर्देश दिले, त्यांत खोदाई चालू असताना भोवती काटेरी तारेचे किंवा अन्य योग्य कुंपण घालण्याची अट आहे. म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाला चार खांब आणि तारेबद्दल आदेश द्यावा लागला. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या प्रलयंकारी पावसात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ रस्त्यावरील पाण्यातून घराकडे चालत निघाले असता उघड्या मॅनहोलमध्ये ओढले गेले. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून झाकण काढण्यात आले होते. त्या तोंडाभोवती हाताला लागेल असे काही असते, तर पाण्याखालचे न दिसणारे भोक निदान जाणवले असते.

आता तिसरे, आणि सर्वांत कठीण. गर्दी रोखणारे कुंपण.

पोलिस सर्रास वापरतात ते एकमेकांत आकडे अडकवायचे कमरेइतके कठडे फ्रान्समध्ये ‘व्होबाँ’ या नावाने ओळखले जातात. चौदाव्या लुईच्या दरबारी असलेल्या त्या नावाच्या दुर्गरचनाकाराच्या कीर्तीवरून हे नाव पडले, कठड्याची रचना त्याची नव्हे. शांतपणे उभ्या असलेल्या लोकांना ‘इथपर्यंत’ एवढे सांगण्यासाठी हे कठडे उत्तम आहेत. पण मागून रेटा आला की त्यांचे पाय उचलले जातात, कठडा आडवा होतो, आणि पुढचा माणूस त्याच्या सळ्यांत पाय अडकून पडतो. त्याच्यावर मागचे पडतात.

गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करणारे अमेरिकी अभियंता जॉन फ्रुइन यांनी १९९३ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की, एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे आली की गर्दी प्रवाहासारखी वागू लागते. व्यक्तीची इच्छा तिथे संपते. दुर्घटनांनंतर वाकलेल्या पोलादी कठड्यांवरून त्यांनी गर्दीचा जो जोर नोंदवला, तो ४,५०० न्यूटनपेक्षा अधिक, म्हणजे साडेचारशे किलोंच्या वर होता. अशा वेळी बहुतेक माणसे पायदळी तुडवून नव्हे, तर उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन गुदमरून मरतात. आपल्या बातम्यांतील ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द या दृष्टीने अगदी नेमका आहे.

इथे एक विचित्र पेच उभा राहतो. कच्चे कुंपण मोडून माणसे मारते, आणि पक्के कुंपण न मोडून मारते. इंग्लंडमधील शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात १५ एप्रिल १९८९ रोजी जे घडले ते दुसऱ्या प्रकारचे होते. प्रेक्षकांनी मैदानात घुसू नये म्हणून उभारलेली भक्कम जाळी पुढे आणि मागून येणारा लोंढा, यांच्यामध्ये सापडून ९७ जण दगावले. जाळीतून बाहेर पडायची दारे अरुंद होती. त्यानंतर तेथील मोठ्या फुटबॉल मैदानांतून अशी कुंपणे हटवण्यात आली. नाशिकमध्ये २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या वेळी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर भाविकांना अडथळ्यांमागे थांबवून ठेवले होते. तिथे चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे अडथळे तोडून आलेली गर्दी पलीकडे स्नानाची वाट पाहत थांबलेल्या भाविकांवर गेली आणि अधिकृत आकड्यानुसार किमान ३० जण मरण पावले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी किती किलोमीटर बॅरिकेडिंग केले, हा आकडा म्हणूनच फारसे काही सांगत नाही. त्यात दारे किती, ती कोणत्या बाजूला उघडतात आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारायला हवे.

या पेचातून बाहेर पडण्याचा एक मार्ग संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांत दिसतो. मंचापुढील अडथळा बाजूने पाहिला तर इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा असतो आणि त्याच्या तळाशी प्रेक्षकांच्या बाजूला एक सपाट फळा असतो. पुढच्या रांगेतले श्रोते त्या फळ्यावरच उभे राहतात. त्यामुळे रेटणाऱ्या गर्दीचे वजनच अडथळ्याला जमिनीशी दाबून धरते. त्याच्या आणि मंचाच्या मध्ये मोकळा पट्टा ठेवतात, गुदमरलेल्या माणसाला तिथे उचलून घेता येते. हे सामान महाग असते, जड असते, आणि त्याच्या जागी व्होबाँ कठड्यांची रांग लावली तर छायाचित्रात फरकही कळत नाही.

आपल्याकडेही याची दुसरी, अधिक सौम्य रीत आहे. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी पत्राशेडमधून पुढे गोपाळपूरच्या दिशेने लांबत जाते. तिथले कठडे माणसांना अडवत नाहीत, त्यांना एकामागे एक ठेवतात. रेटा बाजूने पसरायला वाव राहत नाही आणि मागच्याला पुढच्याच्या पलीकडे जाण्याची घाई नसते, कारण आपला नंबर जाणार नाही याची खात्री असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनावर २०१४ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत रांगांच्या रचनेवर भर आहे, तो याच कारणाने.

राहता राहिला जमिनीचा प्रश्न. मुंबईत २०२५ च्या गणेशोत्सवापूर्वी महापालिकेने मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे १५,००० रुपये दंड जाहीर केला. मंडळांनी विरोध केल्यावर तो २,००० रुपयांवर आला. रस्ता न खणता केवळ वजनावर उभ्या राहणाऱ्या कुंपणाला अशा निर्णयांमुळे मागणी वाढते. पण खड्डा वाचला म्हणजे पायाही वाचला असे नाही. रोवलेला बांबू जमिनीचा आधार घेतो. जमिनीवर ठेवलेल्या पॅनेलला तो आधार वजनाने द्यावा लागतो, आणि वजन म्हणजे आणखी एक टेम्पो, आणखी चार मजूर. दर घासून कमी केला की सर्वांत आधी गळते ते हेच.

भाडेकरार करताना सोसायटीच्या सचिवाने, मंडळाच्या कार्यकर्त्याने किंवा ठेकेदाराने यासाठी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. कुंपणावर कापड लावायचे की नाही, लावायचे तर टेकू आणि वजन किती. वादळाचा इशारा आला तर कापड उतरवायला कोण येणार. रात्री पाहणी कोणाची. आणीबाणीची दारे कुठे, तिथे उभा राहणारा माणूस कोणाचा. काम पोटठेकेदाराकडे गेले तर त्याचे नाव काय. कंपनी चांगली असेल तर हे प्रश्न तिच्याकडूनच येतात, आणि अशा कंपनीचा दर थोडा अधिक असतो.

उतरवणीच्या वेळी पॅनेल मोजली जातात, ठोकळे मोजले जातात. दोन पॅनेल जोडणारे क्लॅम्प मात्र गोणीत भरून जातात आणि त्यांतले काही दर खेपेला हरवतात. संपूर्ण सामानात सर्वांत स्वस्त वस्तू तीच. ती कमी पडली की पुढच्या ठिकाणी दोन पॅनेल सुतळीने बांधली जातात, आणि एकसंध भिंतीसारखे उभे राहायचे कुंपण तिथे सुटे होते. आपल्या सोसायटीपुढे किंवा मंडळापुढे उभे असलेले कुंपण पाहताना आधी त्या सांध्याकडे पाहावे.