‘जंगलात सोडा’ या बटणामागे

२००९च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधली आणि त्याला माळशेज घाटात सोडून दिलं. वयस्कर म्हणून ‘आजोबा’ नाव पडलेला हा गडी तिथे थांबला नाही. शेतं, वस्त्या, रेल्वेचे रूळ आणि हमरस्ते ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. पुढे २०११मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. ‘प्लॅनेट झू’ या गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये असल्या सगळ्या भानगडीला एक क्लिक पुरते. प्राणी निवडायचा, ‘जंगलात सोडा’ म्हणायचं; तो पडद्यावरून नाहीसा होतो आणि खेळाडूच्या खात्यात संवर्धनाचे गुण जमा होतात.

केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने नोव्हेंबर २०१९मध्ये आणलेला हा गेम ‘अगदी खऱ्यासारखा’ म्हणून नावाजला जातो आणि त्यात बरंच तथ्य आहे. प्रत्येक प्राण्याला आकार, आयुर्मान, प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा आनुवंशिक वारसा असतो. सख्ख्या नात्यात प्रजनन होऊ दिलं तर पिढीगणिक वाण खालावतं. कुंपणाची उंची, जमिनीचा पोत, झाडी, सोबतीला किती नर आणि किती माद्या, हे सगळं जुळवावं लागतं. प्राण्यांचे हाल झाले तर निदर्शक उभे राहतात. थंड प्रदेशातला प्राणी उष्ण भागात ठेवायचा तर शीतयंत्रं लावावी लागतात. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हाचा वाद आठवला, तर गेमची ही बाजू किती नेमकी आहे ते कळतं.

पण खरेपणा सरसकट नसतो, तो निवडलेला असतो. ‘प्लॅनेट झू’मध्ये वर्ष काही मिनिटांत सरतं. प्राणी खऱ्या गतीने वाढवले, तर हत्तीची दुसरी पिढी पाहायला खेळाडूचंच लग्नकार्य उरकायची वेळ येईल. म्हणून प्राण्यांचं घड्याळ पळतं आणि पाहुण्यांचं रांगतं. पाहुण्यांची बागेची एक चक्कर मारून होईतो प्राण्यांची वर्षं निघून जातात. सुरुवातीला हा वेग इतका होता, की सारा वेळ म्हाताऱ्या प्राण्यांची जागा भरण्यातच जातो अशी ओरड झाली आणि स्टुडिओने पुढे वय सावकाश वाढवण्याची सोय दिली. उलट, भारतीय नियमांनुसार प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागतं, पुण्याच्या कात्रजला बुधवारी शुकशुकाट असतो आणि अनेक ठिकाणी वाघ-सिंहांना आठवड्यातला एक उपास घडवतात. हे गेममध्ये नाही म्हणून कुणी कंपनीला पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही. खटकतं ते ज्याची अपेक्षा असते तेवढंच, आणि अपेक्षा आपण कुठे राहतो यावर ठरते.

नगर जिल्ह्यातून पाहिलं तर उणीव वेगळीच दिसते. इथे प्राणी आणि माणूस यांच्यामधली रेघ पक्की नाही. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळविटं आसपासच्या रानात चरायला जातात आणि शेतकरी पिकाची राखण करतो. अकोले तालुक्यातल्या उसात बिबटे राहतात, पिल्लं वाढवतात. गेमचा सगळा डोलारा मात्र कुंपणावर उभा आहे: आत प्राणी, बाहेर पाहुणे, आणि त्यापलीकडे ‘जंगल’ नावाची एक पोकळी, जिथे सोडलं की प्रश्न मिटला. शेजारच्या जुन्नर वनविभागाने हे प्रत्यक्षात करून पाहिलं. २००१पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळलं, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते नंतर १७वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. हा धडा महाराष्ट्राने माणसांचे जीव गमावून घेतला आहे.

‘अहो, गेम आहे तो, वनखात्याची फाईल नव्हे,’ असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. सोडलेल्या बिबट्याच्या मागे हिंडायला लावणारा गेम कदाचित कुणी विकतही घेणार नाही. गेममधून सुटतात ते बागेत जन्मलेले प्राणी, विहिरीतून काढलेले नव्हेत, हाही आक्षेप रास्त. फक्त पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्याला शिकार आणि माणसाचं भय शिकवणं त्याहून अवघड असतं. माझं म्हणणं बटण काढून टाका असं नाही. ज्या कंपनीने संवर्धन हे आपल्या गेमचं भूषण म्हणून मिरवलं, तिने कुठे सोपं केलं आहे तेही सांगावं. खरेपणाचा दावा केला की काय गाळलं याचा हिशोब त्यातच येतो.

स्टुडिओ असं बोलायला कचरतात, त्यालाही कारण आहे. ‘नो मॅन्स स्काय’ या गेमच्या निर्मात्यांनी २०१६पूर्वी मुलाखतींतून जे जे सुचवलं, ते खेळाडूंनी वचन म्हणून धरलं, गेम आल्यावर रोष उसळला आणि स्टुडिओ कित्येक आठवडे गप्प बसला. विश्वास परत आला तो पुढच्या वर्षांतल्या मोठ्या अपडेटांमुळे. पण तिथे घात झाला तो नसलेल्या गोष्टी असल्यासारख्या बोलण्याने. नसलेल्याला नाही म्हणण्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही. ‘झू टायकून’ या गेमच्या ‘मरीन मेनिया’ भागात देवमासे पाळलेली पिढी ‘प्लॅनेट झू’त मत्स्यालय आणि उडते पक्षी शोधत राहिली; आधी ठामपणे ‘नाही’ ऐकलेला खेळाडू हिरमुसतो, पण फसवलं म्हणत नाही.

शिवाय ‘प्लॅनेट झू’ला हे सांगायला नवी जागा शोधायचीही गरज नाही. गेममध्येच ‘झूपीडिया’ नावाचा माहितीकोश आहे आणि प्रत्येक प्राण्याचं अन्न, अधिवास, कळपाची रीत त्यात दिलेली असते. प्राणी सोडण्याआधी काय काय तपासतात, सोडल्यावर किती काळ मागावर राहावं लागतं आणि कधी सोडणंच चुकीचं ठरतं, एवढ्या चार ओळी तिथे सहज मावतील. त्यातली एक ओळ जुन्नरची असावी.