ऐकावे जनाचे, नेसावे मनाचे

स्कॉटलंडचा एखादा रहिवासी नोकरीनिमित्त लंडनमध्ये किंवा त्याहून दूर कॅनडात स्थायिक झालेला असतो. मित्राच्या घरचे लग्नाचे निमंत्रण आले की कपाटातला किल्ट बाहेर काढावा, की नेहमीची विजार घालून चारचौघांत मिसळून जावे, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. किल्ट नेसला तर कोणी त्याला बायकी घागरा म्हणेल, कोणी मिरवण्याची हौस म्हणेल, तर कोणी त्याच्या आत काय घातले आहे, ही शिळी थट्टा पुन्हा करील. पेच क्षुल्लक वाटतो खरा. परंतु याच वस्त्रासाठी एके काळी माणसांना तुरुंगाची भीती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याला निराळेच वजन येते.

प्रथम हे वस्त्र आहे तरी कसे, ते पाहिले पाहिजे. पूर्ण मापाच्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते. पुढच्या बाजूस त्याचे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात. मागच्या बाजूस दाट चुण्या शिवलेल्या असतात. तो कमरेला उंचावर पट्ट्यांनी आवळतात आणि त्याचा काठ गुडघ्याच्या मध्यापाशी थांबतो. कापडावर रंगीत चौकडी असते. तिला टार्टन म्हणतात. किल्टला खिसे नसल्याने पुढे चामड्याचा बटवा लोंबतो; त्याचे नाव स्पोरन. समारंभाला जाताना वर आखूड कोट आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे असतात. उजव्या मोज्यात लहानशी सुरी खोचण्याचाही प्रघात आहे.

या वस्त्राचा उगम स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँडमध्ये झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पुरुष एक लांबलचक लोकरी कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधीत आणि वरचा भाग खांद्यावर घेत. दिवसा तोच अंगरखा, पावसात तेच पांघरूण आणि रात्री तीच वाकळ. ओढे आणि दलदल तुडविणाऱ्या माणसाला उघडे पाय सोयीचे पडत. पुढे अठराव्या शतकात वरचा भाग निराळा झाला आणि कमरेखालचा आटोपशीर किल्ट राहिला. या सुधारणेचे श्रेय रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराला देणारी हकीकत प्रसिद्ध आहे. अनेक स्कॉटिश अभ्यासकांना मात्र ती मान्य नाही.

किल्टला नावे ठेवणारे पहिले लोक परके नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दक्षिणेकडील सखल प्रदेशातील स्कॉटिश लोकच डोंगरी माणसाला गुरे पळविणारा रानटी समजत आणि त्याच्या पोशाखाकडे त्याच नजरेने पाहत. एके काळी बहुसंख्य स्कॉटिश लोकांना हा चोराचा पोशाख वाटत असे, असे इतिहासकार मेकॉलेने नमूद करून ठेवले आहे.

त्यानंतर या तिरस्काराला कायद्याचे बळ मिळाले. १७४५ साली राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याने बंड उभारले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या रणभूमीवर त्याचा पुरता मोड झाला. बंडाचा कणा डोंगरी टोळ्यांचा होता. तो मोडण्यासाठी पार्लमेंटने त्यांच्या पोशाखावरच घाव घातला. सैन्यातील शिपाई वगळता स्कॉटलंडमधील कोणाही पुरुषाने वा मुलाने हा पोशाख करू नये, असा निर्बंध आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. हा कायदा १७८२ साली रद्द झाला. तोपर्यंत एक अख्खी पिढी किल्टवाचून वाढली होती.

या काळात किल्ट जगला तो मुख्यतः सैन्यात. ज्या सरकारने तो घरात गुन्हा ठरविला, त्याच सरकारने पलटणीत त्याचा गणवेष केला. या हायलँडर पलटणींचे नाव मराठी इतिहासालाही अपरिचित नाही. १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर वेलस्लीच्या सैन्यात ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी उभ्या होत्या.

यापुढचा पालट तर थक्क करणारा आहे. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. त्या स्वागताची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या हाती होती. त्यांच्या आग्रहावरून सरदार-मानकरी टार्टन लेवून आले आणि खुद्द राजाही किल्ट नेसून दरबारात उभा राहिला. ज्या राजघराण्याच्या अमलात हा पोशाख दंडनीय ठरला होता, त्याच घराण्याच्या वारसाने तो अंगावर चढविला! पुढे व्हिक्टोरिया राणीने बाल्मोरल येथे निवासस्थान केले, आणि ज्याला चोराचा म्हटले गेले तो पोशाख प्रतिष्ठितांचा झाला. वस्त्र पुष्कळसे तेच राहिले. पालटले ते पाहणाऱ्यांचे मत.

येथे टीकाकार एक नवा आक्षेप घेतात. प्रत्येक घराण्याला ठराविक टार्टन नेमून देण्याची पद्धत बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील आहे. मग या परंपरेला पुरातन का म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरून किल्ट खोटा ठरत नाही. आजोबांनी आणि वडिलांनी विवाहवेदीपुढे जे वस्त्र नेसले, ते नातवाला आपले वाटण्यास हजार वर्षांच्या दाखल्याची आवश्यकता नसते.

आज स्कॉटलंडमध्ये लग्नसमारंभ, पदवीदान, २५ जानेवारीस कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ होणारे भोजन, अशा प्रसंगी किल्ट सर्रास दिसतो. स्वतःचा नसेल तर तो भाड्याने मिळण्याची सोय आहे. फुटबॉलचे शौकीन तो नेसून परदेशी सामन्यांनाही जातात. २००० साली अभिनेते शॉन कॉनरी यांनी एडिंबरोच्या हॉलीरूड राजवाड्यात सरदारकी स्वीकारली, ती संपूर्ण हायलँड पोशाखात. टार्टनची सरकारी नोंदवही २००९ सालापासून सुरू झाली आहे. तथापि अमुक घराण्याबाहेरच्या माणसाने अमुक टार्टन नेसू नये, असा कायदा नाही. ज्याला संकोच वाटतो, त्याच्यासाठी सर्वांना चालणारी टार्टनेही आहेत.

म्हणून लोकमताला किती मान द्यावा, याचा निवाडा विवेकाने करावा लागतो. यजमानाने विशिष्ट पोशाख सुचविला असेल, तर त्याची इच्छा विचारात घेणे हा शिष्टाचार होय. काठ गुडघ्याखाली फार उतरला आहे, चुण्या पुढे आल्या आहेत, बसताना मागच्या चुण्या सावरून घ्याव्यात, असे जाणत्याने सांगितले तर ते ऐकण्यात कमीपणा नाही. प्रेतयात्रेला जाताना झगमगीत बटवा नको, साधा चामड्याचा पुरे, हेही तारतम्य हवे. परंतु केवळ थट्टा ही सूचना नव्हे. तिला हसून उत्तर द्यावे आणि कोणी खरोखर जिज्ञासेने विचारले तर दोन वाक्यांत माहिती द्यावी. त्यापुढे वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. संकोचाने अंग चोरून वावरणाऱ्याचा किल्ट सर्वांच्या डोळ्यांवर येतो. सहजपणे वावरणाऱ्याचा थोड्याच वेळात विसरला जातो.

याचे मर्म भारतीय वाचकाला परके नाही. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या भेटीस गेले, ते आपला पंचा आणि शाल घेऊनच. त्या वेशावरही टीका झाली होती. पण टीकेने वेश बदलला नाही.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' या म्हणीत ऐकण्याचा भाग प्रथम येतो, हे विसरता कामा नये. जे ऐकून पोशाख अधिक नेटका होईल, ते जरूर ऐकावे. मात्र ज्या लोकमताने एकाच वस्त्राला कधी चोराचे, कधी बंडखोराचे आणि कधी राजाचे ठरविले, त्याच्या धाकाने ते वस्त्र कपाटात कुजू देणे शहाणपणाचे नाही.