‘जेवलंस मां?’ इथेच फोन संपतो

कुडाळ स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघणारी कॉलेजची पोरं लगेच ओळखू येतात. पाठीवर सॅक, हातात कापडी पिशवी. पिशवीत कुळथाची पिठी, आगळाची बाटली आणि वास फुटू नये म्हणून कागदात चार वेळा गुंडाळलेली सुकट. हे सामान पंधरा-वीस दिवस पुरतं. मग उरतो तो रात्रीचा फोन. ‘जेवलंस मां?’ ‘होय.’ केटी लागली, रूमवर कोणी बोलत नाही, झोप लागत नाही, यातलं काही त्या ‘होय’मध्ये मावत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवा, ही बातमी सगळ्यांनी वाचली. समुपदेशकाची निकड कोणाला पटवून द्यायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

सिंधुदुर्गात हा प्रश्न झाकला जातो तो निकालाच्या आनंदाखाली. कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून दहावी-बारावीत राज्यात पहिलं. २०२५ चा बारावीचा निकाल ९६.७४ टक्के, दहावीचा ९८.८२. अभिमान वाटावा असंच हे यश आहे. पण मालवण-देवगडच्या वाडीत ‘हुशार’ म्हणून वाढलेलं पोर पुण्या-मुंबईच्या वर्गात शंभरांतलं एक होतं. पहिल्यांदा नापास झाल्याचं सांगायचं कोणाला? चतुर्थीला घरी आल्यावर आरतीला जमलेली अख्खी वाडी विचारणार, ‘अभ्यास कसो चल्लाहा?’ आणि मन बिघडल्याचं बोलावं, तर आपल्याकडे ‘रत्नागिरीला नेऊक व्हया’ हा टोमणा अजून जिवंत आहे. ज्या गावात मनोरुग्णालय आहे, त्या गावाचं नावच शिवी म्हणून वापरलं जातं. तिथे उपचाराचा विषय कोण काढणार?

या तत्त्वांतलं एक कलम बातम्यांत मागे पडलं, आणि खरी आशा त्याच कलमात आहे. सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण सक्तीचं आहे. शिक्षकेतर म्हणजे शिपाई, ग्रंथालयातली ताई, कार्यालयातला क्लार्क. मुलगा आठ दिवस जेवायला आला नाही, हे प्राचार्यांच्या आधी वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींना कळतं.

साध्या माणसाच्या हातून मनाचा आजार हलतो का? पत्रादेवीचा नाका ओलांडला की याचं उत्तर सापडतं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था उभी केली. मनोविकारतज्ज्ञ गावोगाव पुरणार नाहीत हे धरून त्यांनी मानसोपचाराचं कोणतंही शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनासाठी तयार केलं. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचाराला या समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठकांची जोड दिली. तीन महिन्यांनी जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; ती न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. त्या बैठकांत काय व्हायचं? अंथरुणाला खिळवणारी मरगळ छोट्या कामांनी तोडायची: सकाळी चालणं, बंद पडलेली भेट पुन्हा सुरू करणं, अडलेला एक प्रश्न कागदावर मांडून सोडवणं.

ते रुग्ण प्रौढ होते, विद्यार्थी नव्हते, हे खरं. पण ही रीत मालवणी माणसाला परकी नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना कोणा एकाचं दुःख मोठ्याने मांडलं जातं आणि भोवतीचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दुःख चारचौघांत बोलायची सवय या मातीत आहेच. कॉलेजच्या आवारात मात्र ती गप्प होते.

या तत्त्वांवर देखरेख ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असंही न्यायालयाने सांगितलं आहे. सिंधुदुर्गातल्या समितीने पहिल्या प्रशिक्षणाला प्राध्यापकांच्या शेजारी त्या मावशींनाही खुर्ची द्यावी. आणि १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा मोफत नंबर सूचनाफलकाबरोबर मेसच्या भिंतीवरही लावावा. तिथे दिवसरात्र कोणत्याही वेळी फोन करता येतो, आणि मराठीत बोलता येतं.