रुळांखालची जमीन

४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशात हरद्याजवळ, माचक नदीलगतच्या मोरीपाशी, मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्स्प्रेस घसरली. पाठोपाठ शेजारच्या मार्गावर पाटण्याहून जबलपूरमार्गे मुंबईकडे येणारी जनता एक्स्प्रेसही घसरली. सुमारे ३० प्रवासी मृत्युमुखी पडले. काही मिनिटांपूर्वीच तेथून गाड्या सुखरूप गेल्या होत्या. तेवढ्या अवधीत पुराच्या लोंढ्याने रुळांखालची खडी आणि माती वाहून नेली.

जबलपूर येथे मुख्यालय असलेल्या पश्चिम-मध्य रेल्वेच्या हद्दीतील ही दुर्घटना नैसर्गिक आपत्ती मानून विसरणे सोयीचे आहे. परंतु भराव एका रात्रीत वाहून जातो, तसा तो वर्षानुवर्षे आतून खचतही असतो. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे जोडला गेला. त्याचा मोठा भाग नर्मदा खोऱ्यातील काळ्या मातीतून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओलाव्याने तिची ताकद घटली की खडी तिच्यात रुतते, त्या खळग्यांत पाणी साचते आणि चिखल वर येतो. दोन रूळ कमी-अधिक खचले, तर एखाद्या चाकावरचा भार हलका होऊन ते रुळावर चढते व गाडी घसरू शकते.

हा मार्ग बांधला गेला तेव्हा मृदायांत्रिकी हे शास्त्र आकारालाही आले नव्हते. कार्ल तेरझागी यांचा पायाभूत ग्रंथ १९२५ चा. उलट, २००५ नंतर मालगाड्यांचा प्रत्येक आसावरील भार २०.३ टनांवरून टप्प्याटप्प्याने २२.९ टनांपर्यंत वाढवण्यात आला.

खचलेल्या जागी पुन्हा खडी ठोकून भरणे ही केवळ मलमपट्टी होय. मातीवर भरड, दाणेदार थर घालणे, बाजूचे नाले मोकळे ठेवणे आणि मोऱ्यांची क्षमता आजच्या पर्जन्यमानाशी ताडून पाहणे, हे खरे उपाय आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, म्हणून निधीच्या स्पर्धेत ते मागे पडतात.

एकाच जागी वारंवार खडी भरावी लागत असेल, तर ती नोंद म्हणजे जमिनीनेच दिलेला इशारा असतो. अशा जागांची विभागवार यादी दर पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावी आणि प्रत्येकीसमोर कायमस्वरूपी दुरुस्तीची मुदत लिहावी. तोवर तेथील वेगमर्यादा उठवू नये, मग वेळापत्रक कोलमडले तरी चालेल.