हे उत्तर कुठल्या वर्षाचं?

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला, की घरोघरी टीव्हीसमोर चर्चा रंगते. सोनं स्वस्त झालं का, मोबाइल महागला का, हे आपण बायका लगेच विचारतो. आयकराचा विषय निघाला, की मात्र ‘ते यांना विचारा’ म्हणून स्वयंपाकघरात वळतो. पण आज शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका, बँकेत काम करणाऱ्या अशा कितीतरी जणी स्वतः कमावतात. पॅन कार्ड त्यांचं, कर त्यांच्या पगारातून कापला जातो. मग ‘यांना विचारा’ हे किती दिवस चालायचं?

आमच्या महिला मंडळात दर महिन्याला कागदपत्रांची एक बैठक असते. रेशनकार्डावरचं नाव, निराधार योजनेचा अर्ज, बँकेची केवायसी अशी कामं आम्ही एकमेकींच्या मदतीनं उरकतो. २०२४ पासून त्यात आयकराची भर पडली. शेजारच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं आम्हाला मोबाइलवर उघडणारं एक पान तयार करून दिलं. त्यात वर्षाचा पगार आणि बचत लिहायची, की जुन्या पद्धतीनं किती कर बसतो आणि नव्या पद्धतीनं किती, हे शेजारी-शेजारी दिसतं. मी कला शाखेची पदवीधर. ‘स्लॅब’ म्हटलं, की मला आधी घराचं छत आठवतं. पण या पानामुळे आमच्यातल्या पुष्कळ जणींची भीती गेली.

मे २०२५ मधल्या बैठकीला एक प्राथमिक शिक्षिका आल्या. पती हयात नाहीत, दोन मुलं शिकताहेत, वर्षाचा पगार साडेनऊ लाख. कुठली करपद्धत घेणार, हे त्यांना कार्यालयात लिहून द्यायचं होतं आणि हातात तीन आकडे होते. शाळेतल्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या तक्त्यात नव्या पद्धतीचा कर होता ४६,८०० रुपये. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आमचं पान दाखवत होतं ३९,००० रुपये. आणि माझ्या मोबाइलवर तेच पान, तोच पगार, उत्तर मात्र शून्य!

त्यातच एक विमा एजंट त्यांच्या मागे लागला होता. ‘बाई, एवढा कर भरण्यापेक्षा दीड लाखाची पॉलिसी घ्या,’ असं त्याचं म्हणणं. बाईंनी मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायची तयारीही केली होती. आकडा कुठला खरा, यावर ती ठेव राहणार की मोडणार, हे ठरणार होतं.

त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, ‘काकू, आधी बग शोधू.’ पानातला दोष शोधून काढण्याला ही मुलं ‘डीबगिंग’ म्हणतात. शब्द नवा असला, तरी काम आपल्या ओळखीचं आहे. बचत गटाची किर्द आणि पासबुक जुळत नसलं, तर आपण काय करतो? मागे मागे जातो, कुठल्या तारखेपर्यंत जुळतंय ते पाहतो आणि जिथे फाटा फुटतो तिथे बोट ठेवतो. त्यानंही तेच केलं. दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले. साडेसात लाख पगार लिहिला, दोन्हीकडे शून्य. आठ लाख लिहिला, तर माझ्याकडे शून्य आणि बाईंकडे २३,४०० रुपये. म्हणजे फाटा साडेसात आणि आठ लाखांच्या मध्ये फुटत होता.

मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. नोकरदारांना नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. साडेनऊ लाखांतून ती वजा केली, की उरतात पावणेनऊ लाख. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या नियमानं पहिल्या तीन लाखांवर काही नाही, तीन ते सात लाखांवर पाच टक्के म्हणजे २०,००० आणि वरच्या पावणेदोन लाखांवर दहा टक्के म्हणजे १७,५००. झाले ३७,५००. त्यावर चार टक्के उपकर धरला, की बरोबर ३९,००० रुपये. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानं मात्र २०२५-२६ साठी कररचना बदलली आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल, तर सवलत देऊन कर शून्यावर आणला. आधी ही मर्यादा सात लाखांची होती. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तक्ता? तो २०२३-२४ चा निघाला. तेव्हा वजावट ५० हजारांची होती आणि टप्पेही वेगळे होते. त्या हिशेबानं ४६,८०० हा आकडाही अगदी चोख!

म्हणजे बघा, तिन्ही उत्तरांत बेरीज-वजाबाकी कुठेच चुकली नव्हती. उत्तरं तीन वेगवेगळ्या वर्षांची होती आणि ते वर्ष कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या मुलानं मार्चमध्येच पानात नवे नियम घातले होते. पण मोबाइल एकदा उघडलेल्या पानाची प्रत स्वतःजवळ जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान पटकन उघडतं. बाईंचा मोबाइल तीच जुनी प्रत दाखवत होता. ती पुसली, पान नव्यानं उघडलं आणि शून्य आलं. जुन्या पद्धतीत पॉलिसीचे दीड लाख आणि प्रमाणित वजावट एवढंच धरलं असतं, तरी त्यांना ६५,००० रुपये कर बसला असता. नव्या पद्धतीत तर त्या पॉलिसीनं करात एक रुपयाचाही फरक पडणार नव्हता. मुलीच्या नावची ठेव वाचली.

मुलानं लगेच पानाच्या तळाशी बारीक, फिकट अक्षरांत ‘आवृत्ती ३’ असं लिहिलं. आमच्या बायकांनी ते मान्य केलं नाही. एक जण म्हणाली, ‘तीन म्हणजे काय रे बाबा? आम्हाला कसं कळणार, तीन नवं की चार?’ खरंच होतं तिचं. पंचांगावर वर्ष ठळक छापलेलं असतं, म्हणून तर मागच्या वर्षीच्या पंचांगावरून कुणी मुहूर्त काढत नाही. शेवटी ओळ अशी ठरली : कुठल्या आर्थिक वर्षाचे नियम, पानाची आवृत्ती कितवी आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला. नियमांचं वर्ष आणि पानाची आवृत्ती या गोष्टी वेगळ्या आहेत, कारण नियम तेच असले तरी पानातली एखादी चूक मध्येच दुरुस्त होऊ शकते. शिवाय ही ओळ तळाशी न ठेवता उत्तराच्या अगदी डोक्यावर घ्यायला लावली. आपण उत्तराचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. तळाची ओळ फोटोत येत नाही आणि मग आकडा एकटाच गावभर फिरतो.

‘हे घरगुती पानाचं झालं, मोठ्या ठिकाणी असं कसं होईल?’ असं कुणी म्हणेल. तर २०२४ सालची गोष्ट ऐका. आयकर विवरणपत्र भरण्याच्या सरकारी सॉफ्टवेअरमध्ये ५ जुलै २०२४ रोजी एक बदल झाला. नव्या पद्धतीत सात लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना कलम ८७-अ ची सवलत होती. पण त्या उत्पन्नात शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यासारखं, खास दरानं कर लागणारं उत्पन्न असेल, तर त्या भागावर सवलत मागण्याची सोयच बंद झाली. समजा, सहा लाखांच्या करपात्र उत्पन्नात पन्नास हजार असा नफा आहे. ४ जुलैला अर्ज भरणारीला कर शून्य आणि आठवड्यानं भरणारीला ७,८०० रुपये! कायद्याचं पुस्तक मधल्या काळात बदललं नव्हतं, बदललं होतं सॉफ्टवेअर.

मुंबईतल्या ‘द चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ या संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं मुदत वाढवायला सांगितलं आणि ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. २४ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की सॉफ्टवेअरनं करदात्याला सवलत मागण्यापासूनच अडवू नये. सवलत द्यायची की नाही, ते कायद्यानुसार पुढे ठरेल. २०२५ च्या वित्त कायद्यानं मग २०२५-२६ पासून अशा उत्पन्नावर ही सवलत मिळणार नाही, असं स्पष्ट केलं.

मैत्रिणींनो, म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुठलाही कराचा तक्ता किंवा पान वापरण्याआधी त्यावर वर्ष लिहिलंय का ते पाहा. नसेल, तर ते वापरूच नका. दोन, नुसतं ‘२०२५-२६’ वाचून थांबू नका. कमाई होते ते आर्थिक वर्ष आणि त्यापुढचं ते असेसमेंट इयर. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं असेसमेंट इयर २०२५-२६ असतं, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात. हा घोळ नको म्हणूनच १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ‘कर वर्ष’ ही एकच कल्पना आली आहे. तीन, उत्तराचा ताळा आयकर विभागाच्या संकेतस्थळावरच्या गणकयंत्रावर करा. तिथे आधी वर्ष निवडावं लागतं. चार, विवरणपत्र भरलं, की त्याची प्रत आणि पोचपावती तारखेसकट जपून ठेवा.

आणि उद्या कुणी सांगितलं, ‘ताई, तुमचा कर इतका होतो,’ तर पैसे काढण्याआधी, ठेव मोडण्याआधी शांतपणे एवढंच विचारा : हे उत्तर कुठल्या वर्षाचं?