पेंढा भरपूर, तरी जनावर उपाशी का?



कासूच्या आसपास भाताची झोडणी आटोपली की पेंढ्याला तोटा नसतो. तरीही उन्हाळ्यात दिवसभर पेंढा चघळणाऱ्या गुरांच्या बरगड्या दिसू लागतात, दूध आटते. असे का होते?

आधी पावाच्या खमिराचे पाहू. खमीर म्हणजे यीस्ट, डोळ्यांना न दिसणारा जीव. कारखान्यात तो उसाच्या मळीवर वाढवतात. मळीत साखर पुष्कळ, पण वापरता येईल असे नत्र थोडे. नत्राशिवाय प्रथिने बनत नाहीत, म्हणून नुसत्या मळीवर यीस्टची वाढ अडते. त्यासाठी मळीत अमोनिया किंवा युरिया आणि स्फुरद मिसळतात. मग वाळलेल्या यीस्टमध्ये 40 ते 50 टक्के प्रथिने भरतात.

खाचराच्या बांधाला खांड पडले, तर पाणी खांडापुरतेच थांबते. बाकीचा बांध कितीही उंच घाला, उपयोग नाही. अन्नाचेही तसेच. जो घटक सर्वांत कमी, तोच वाढ अडवतो.

गाई-म्हशींच्या मोठ्या पोटात असेच असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते चारा कुजवतात, नत्रापासून आपल्या अंगात प्रथिने तयार करतात. पुढे जनावर हेच जीव पचवते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के. नत्र नसल्याने सूक्ष्मजीव वाढत नाहीत, पेंढा पोटात पडून राहतो आणि जनावर कमी खाते.

उपाय काय?

100 किलो कोरड्या पेंढ्यास 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. पेंढ्याचे थर लावत झारीने सारखे शिंपडा आणि तुडवून घट्ट दाबा. वर प्लास्टिक घालून हवाबंद करा. 21 दिवसांनी उघडा. युरियापासून झालेला अमोनिया पेंढा मऊ करतो, काही नत्र त्यात मुरते.

हे विसरू नका

1. युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नका. जनावर दगावते.
2. जास्त युरिया म्हणजे जास्त दूध नव्हे. सूक्ष्मजीवांना न पेलणारा अमोनिया रक्तात जाऊन विषबाधा होते.
3. घालण्याआधी पेंढा तासभर पसरून उग्र वास जाऊ द्या. सुरुवात थोड्याने करा.
4. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नका. बुरशी लागलेला पेंढा टाकून द्या.
5. हिरवा चारा व क्षार मिश्रण चालूच ठेवा. नत्राचे खांड बुजवले, तरी दुसरे खांड उघडे राहू नये.

पहिल्या खेपेस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांचा सल्ला अवश्य घ्या.